रोड रेसिंगसाठी टिकाऊ फ्रेम घ्यायचीय? मग ती जाते कशी ते आधी समजून घ्या

पावसाळा ओसरायला लागला की आमच्या पुण्याच्या ग्रुपमधली दोन-तीन पोरं हमखास विचारतात, दादा यंदा रेसला उतरायचंय, फ्रेम कार्बनची घेऊ का अ‍ॅल्युमिनियमची, कुठली जास्त टिकेल? विचारेपर्यंत त्यांनी दहा व्हिडिओ बघितलेले असतात, कुणीतरी फ्रेम हातोड्याने ठोकून दाखवलेली असते आणि डोक्यात नुसता गोंधळ झालेला असतो. मी गेली बारा-तेरा वर्षं रेस करतोय. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, कार्बन तिन्ही वापरलंय, टायटॅनियम स्वतःचं नव्हतं पण जोडीदाराची फ्रेम दोन सीझन माझ्याच हातून धुतली-जोडली गेलीय. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी मुद्द्याचं सांगतो. चारही मटेरियलच्या चांगल्या बनवलेल्या फ्रेम नुसत्या चालवून वर्षानुवर्षं जात नाहीत, म्हणजे तुटत नाहीत. फरक पडतो तो तीन गोष्टींत, ती जाते कशी, जायच्या आधी काही सांगते का, आणि गेल्यावर दुसरी घ्यायची तुमची ऐपत आहे का. रेसिंगमध्ये टिकाऊ म्हणजे हे तीन बघायचं, बाकी जाहिरात.

पायरी १: आपले किलोमीटर कागदावर मांडा

वर्षाला समजा ८००० किलोमीटर होतात. त्यातले रेसचे किती? आपल्याकडच्या हौशी रायडरचे फार तर ५००-६००. म्हणजे फ्रेमचं आयुष्य रेसमध्ये जातच नाही, ते जातं बोपदेव आणि कात्रजच्या घाटात, सिंहगडाच्या पायथ्याला जाणाऱ्या उखडलेल्या रस्त्यावर, रात्रीत उगवलेल्या बिनरंगाच्या स्पीडब्रेकरवर आणि जुलै-ऑगस्टच्या चिखलात. तेव्हा कागदावर ह्या गोष्टी लिहा: तुमचं वजन, पावसात चालवता का, ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर, आठवड्याला किती तास बसता, सायकल ट्रेनने-विमानाने किती वेळा नेता, घर समुद्राजवळ आहे का, आणि रेस घोळक्यातली आहे का एकट्याची टाइम ट्रायल. ह्यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा, कारण घोळक्यातल्या रेसमध्ये तुम्ही कितीही चांगले रायडर असलात तरी समोरचा पडला की तुम्ही पडता, आणि फ्रेम जास्त करून अशीच जाते.

आणि हो, हे करताना वजनाचं खूळ जरा बाजूला ठेवा. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २००० सालापासून पूर्ण सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून ठेवलंय, त्याखाली त्यांच्या रेसमध्ये चालत नाही. चांगली कार्बन फ्रेम ८०० ग्रॅम ते एक किलोच्या आसपास असते, रेसची अ‍ॅल्युमिनियम ११०० ते १५००. म्हणजे फरक अर्ध्या किलोच्या आगेमागे, भरलेल्या पाण्याच्या बाटलीइतकाच. खंडाळ्याच्या घाटात 'घाटाचा राजा' व्हायला निघालेल्याला तो जाणवेल, पहिल्या दोन वर्षांत घोळका धरून राहायला धडपडणाऱ्याला नाही.

पायरी २: प्रत्येक मटेरियल कसं जातं ते ओळखा

इथे थोडं थांबून वाचा, सगळं ह्याच्यावरच आहे.

स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम ह्या तिघांची एक गंमत आहे. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, स्टीलची ७.८५, म्हणजे साधारण एक तृतीयांश, पण ताठपणासुद्धा एक तृतीयांशच, टायटॅनियम दोन्ही बाबतींत मधे. म्हणजे वजनाच्या हिशोबात तिघांचा ताठपणा जवळपास सारखाच निघतो. मग फ्रेम हलकी आणि ताठ कशी होते, तर नळी जाड घेराची करून आणि तिची भिंत पातळ करून. घेर वाढला की ताठपणा भराभरा वाढतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एवढ्या गुबगुबीत दिसतात आणि जुन्या स्टीलच्या बोटभर. हे लक्षात आलं की 'स्टील मऊ, अ‍ॅल्युमिनियम कडक' असल्या गप्पांचं फारसं काही वाटत नाही, ते मटेरियलपेक्षा नळीच्या मापाचं काम आहे. टायरमधल्या हवेचा दाब दहा पीएसआय कमी-जास्त केला तर त्याहून जास्त फरक पडतो.

स्टील म्हणजे इथे आजोबांची काळी वीस किलोची सायकल नव्हे, क्रोमोली नावाच्या मिश्र पोलादाच्या, रेनॉल्ड्स, कोलंबस असल्या कंपन्यांच्या नळ्या, दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ, मधली भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. स्टीलचा मोठा गुण म्हणजे ठरावीक ताणाच्या खाली ते थकतच नाही, लाखो वेळा वाकवा. आणि गेलं तरी हळूहळू जातं, तडा जातो, कुरकुरायला लागतं, हँडल सोडलं की सायकल एका बाजूला ओढते, म्हणजे तुम्हाला वेळ देतं. जाणकार कारागीर पितळेने जोड पुन्हा भरून देतो, अख्खी नळीसुद्धा बदलून देतो. शत्रू एकच, गंज, आणि तो आतून येतो. सीटपोस्टच्या, म्हणजे सीट बसते त्या दांड्याच्या कडेने पावसाचं पाणी आत उतरतं आणि बीबीपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो तिथे, साचून राहतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्याने हे दुप्पट धरायचं. नवीन फ्रेम आली की जोडायच्या आधी गाडीच्या दारांच्या आत मारतात तसलं गंजरोधक तेल सगळ्या नळ्यांत मारून, फ्रेम उलटसुलट फिरवून घ्या, आणि बीबीखालचं पाणी जायचं भोक मोकळं आहे ना ते बघा.

अ‍ॅल्युमिनियमला तसली खालची मर्यादा नाही. प्रत्येक झटका कुठेतरी जमा होतो. हे वाचून लोक घाबरतात, पण बनवणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो नळ्या जाडजूड ठेवतो आणि ताण एवढा खाली आणतो की बऱ्याच हौशी रायडरच्या आयुष्यात ती वेळ येतच नाही. येते ती मुख्यतः जास्त वजनाच्या, जोरात स्प्रिंट मारणाऱ्या, ट्रेनरवर तासन्‌तास उभं राहून पेडल मारणाऱ्यांच्या फ्रेमवर.

माझ्या पहिल्या रेस फ्रेमवर आली होती. सहाव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, पानशेतहून भिजत आलो आणि अंगणात सायकल धुवायला घेतली. चेन स्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी, जिथे बीबीला वेल्ड केलेली असते तिथे एक केसाएवढी काळी रेघ दिसली. वाटलं ग्रीस आहे, फडक्याने पुसली, गेली नाही. नखाने ओरबाडलं तर नख अडकलं. मग बाजूचा पेडल खाली दाबला तर त्या रेघेतून साबणाचं पाणी बारीक बुडबुड्यासारखं आत-बाहेर व्हायला लागलं. तिथेच समजलं. आदल्याच दिवशी त्याच सायकलवर मी ताशी साठच्या वेगाने उतार उतरलो होतो.

अशा फ्रेमला वेल्डिंग करून घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देतो म्हटलं तरी. ६०६१ जातीचं अ‍ॅल्युमिनियम वेल्ड केल्यावर पूर्ण फ्रेम भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मुरवत ठेवावी लागते, तेव्हा त्याला ताकद येते, त्यालाच टी-६ म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वेल्डिंगने जोड दिसायला भरून येतो पण आजूबाजूची ताकद जवळपास निम्म्यावर येते. तडा गेलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम संपली, भंगारात द्यायची, आणि देताना कापून द्यायची म्हणजे कुणी रंग मारून विकणार नाही.

कार्बनचं सगळंच वेगळं. हा धातू नाहीच, धाग्यांचे थर इपॉक्सी नावाच्या चिकट राळेत बसवलेले असतात, आणि ज्या दिशेने जोर येणार त्या दिशेने धागे घालतात. त्या दिशेने तो नुसत्या चालवण्याने थकत नाही म्हटलं तरी चालेल. पण आडवा मार, टोकदार मार, आणि एका जागी आवळणं हे त्याला सोसत नाही. थर आतल्या आत सुटतात आणि वर रंगावर एखादा ओरखडासुद्धा नसतो. आमच्यातल्या एकाचा शेवटच्या वळणावर तोल गेला, पडला तोही हळूच, पण हँडल गर्रकन फिरून त्याचं टोक टॉप ट्यूबवर, म्हणजे वरच्या आडव्या नळीवर आपटलं. बाहेरून तांदळाच्या दाण्याएवढी खूण. बोटाने दाबलं तर नळी पापडासारखी आत जात होती. ती फ्रेम त्याने दुरुस्त करून घेतली, कारण कार्बन दुरुस्त होतो, खराब भाग घासून काढून नवे थर चढवतात, पण ते काम बोटींचं फायबर लावणाऱ्याचं नाही, सायकलच्या फ्रेम करणाऱ्याचंच.

पूर्वी कार्बनचं मुख्य दुखणं वेगळं होतं. १९८६ साली ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स जिंकली ती लूक कंपनीच्या कार्बन सायकलवर, पण त्या काळच्या फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जोडात चिकटवलेल्या असायच्या, आणि घाम-पाणी पोचलं की दोन्हींमध्ये रासायनिक झटापट होऊन अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जायचं, जोड सुटायचा. आजच्या एकसंध फ्रेममध्ये ते नाही. तरी कुणी 'व्हिंटेज कार्बन' स्वस्तात देत असेल तर भिंतीला लावायला घ्या, रेसला नको.

टायटॅनियमबद्दल थोडक्यात: गंजत नाही, स्टीलसारखंच ठरावीक ताणाखाली थकत नाही, रंगाचीही गरज नाही. पण वेल्डिंग करताना आत-बाहेर आर्गॉन वायू नसेल तर जोड ठिसूळ होतो आणि बाहेरून ते कळत नाही, म्हणून कोणी बनवलीय हेच सगळं. समुद्राजवळ राहता, पंधरा-वीस वर्षं एकच फ्रेम ठेवायचीय आणि पैसा आहे, तर डोळे मिटून घ्या. ज्याला रेसमध्ये पडायचीच भीती आहे त्याने एवढा पैसा एका फ्रेममध्ये अडकवू नये.

आणि एक विसरू नका, फ्रेम कशाचीही घ्या, आजकालच्या रेस सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क, कार्बनचाच असतो. आणि फ्रेम तडकली तर बहुतेक वेळा घरी पोचता येतं, फोर्कची वरची नळी तुटली तर थेट तोंडावर पडता. तेव्हा कार्बनची काळजी घ्यायला सगळ्यांनाच शिकायला लागतं.

पायरी ३: मटेरियल ठरलं, आता बारीकसारीक बघा

इथेच जास्त जण फसतात. एकाच मटेरियलच्या दोन फ्रेममध्ये जो फरक असतो तो दोन मटेरियलमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

बीबी आट्याचा आहे का दाबून बसवलेला? आट्याचा घ्या, बीएसए किंवा टी४७ मापाचा. दाबून बसवलेल्यात, म्हणजे प्रेस-फिटमध्ये, माप जरा जरी चुकलं असलं तर पहिल्याच पावसानंतर कटकट आवाज सुरू होतो आणि तो शोधण्यात सीझन जातो.

मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या पार्टचा हँगर (तो फ्रेमला टांगायचा तुकडा) वेगळा निघणारा हवा आणि तो सहज मिळणारा हवा. हँगर मुद्दाम मऊ असतो, पडल्यावर आधी तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. २०१९ नंतर आलेल्या बऱ्याच फ्रेमवर यूडीएच नावाचा एकाच मापाचा हँगर बसतो, ते बरं पडतं. नाहीतर फ्रेम घेतानाच दोन जादा हँगर घेऊन ठेवा, आणि त्यातला एक रेसच्या बॅगेत.

टायरला जागा किती? किमान ३० मिलिमीटर बसायला हवा, ३२ तर उत्तमच. आपल्या रस्त्यांवर फ्रेमला वाचवणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट रुंद टायर आहे, मी तर म्हणेन मटेरियलच्या आधी हे बघा.

वायरी हेडसेटच्या, म्हणजे हँडल जिथे फिरतं तिथल्या बेअरिंगमधून आत जातात का? दिसायला छान, पण आपल्याकडे वरचं बेअरिंग घामाने आणि पावसाने वर्षभरात कुरकुरायला लागतं, आणि ते बदलायला ब्रेकचे होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, उपटायला लागतात. रोज चालवायच्या सायकलला मला हे पटत नाही.

पायरी ४: हात लावून तपासा, खासकरून सेकंड हँड

सायकल स्वच्छ धुतलेली आणि उन्हात उभी असली पाहिजे. मळलेली दाखवत असतील तर स्वतः पुसा. अंधाऱ्या पार्किंगमध्ये सौदा करायचा नाही.

सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा. निघत नसेल तर तिथेच सौदा थांबवा, अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये ग्रीस किंवा पेस्टशिवाय राहिला तर असा जाम होतो की शेवटी कापून काढावा लागतो. निघाला तर सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या फटीचं खालचं टोक बघा, तडा बहुतेक तिथून सुरू होतो. मग डाउन ट्यूबची, म्हणजे खालच्या तिरक्या नळीची खालची बाजू, हेड ट्यूबजवळ (हँडलखालची छोटी उभी नळी), मग चेन स्टे. जिथे शंका येईल तिथून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकले की तिथे भेग आहे. अ‍ॅल्युमिनियमवर रंगाला फुगे आलेत का बघा, विशेषतः वायरींच्या थांब्यांपाशी आणि टॉप ट्यूबवर जिथे ट्रेनरवरचा घाम गळतो तिथे.

कार्बनला नाण्याने वाजवायचं. आपण माठ घेताना बोटाने वाजवून बघतो ना, अगदी तसंच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-दोन सेंटीमीटरवर टकटक करत जा, आवाज टणक आणि सरकत बदलणारा हवा. मधेच एके ठिकाणी बसका, भरलेल्या डब्यासारखा आवाज आला तर थांबा, दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेवर वाजवून ताडून बघा. आतल्या थरांची जाडी जागोजागी वेगळी असते त्यामुळे आवाज बदलला म्हणजे लगेच फ्रेम गेली असं नाही, पण डाव्या-उजव्या चेन स्टेचे आवाज वेगळे येत असतील तर मी ती घेणार नाही. फोर्क काढून बघायला नकार देणाऱ्याकडूनही घेणार नाही.

स्टीलला दोरीची परीक्षा. मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे मागचं चाक बसतं त्या खाचेला दोरा बांधा, पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं दोऱ्याचं अंतर मोजा. मिलिमीटरभर फरक चालेल, चार-पाच निघाला तर फ्रेम कुठेतरी आपटलीय.

पायरी ५: पैशाचा हिशोब, पण दोन फ्रेमचा

एका चांगल्या कार्बन फ्रेमच्या पैशात रेसची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम येते आणि वर बरी चाकं, टायर आणि वर्षभराची एन्ट्री फी सुटते. स्वतःला एकच प्रश्न विचारा, ही फ्रेम पुढच्या रविवारी तुटली तर महिन्याभरात मी पुन्हा स्टार्ट लाइनवर असेन का? उत्तर नाही असेल तर ती फ्रेम तुमच्यासाठी महाग आहे, भले ती कितीही टिकाऊ असो. मी पाहिलंय, उसने पैसे घेऊन कार्बन घेतलेली मुलं घोळक्यात आत शिरायलाच घाबरतात, मागे राहतात, आणि रेस तिथेच जाते.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं घोळक्यातल्या रेस करणाऱ्याला मी अ‍ॅल्युमिनियमच सांगतो, कॅननडेलची कॅड किंवा स्पेशलाइज्डची अ‍ॅले स्प्रिंट ह्या जातीची, ज्यांना खुद्द बनवणारेच रेसची फ्रेम म्हणतात. ह्यात कमीपणा काही नाही, १९९८ साली मार्को पँतानीने जिरो (इटलीची मोठी रेस) आणि टूर द फ्रान्स एकाच वर्षी जिंकले ते अ‍ॅल्युमिनियमच्या बियांकीवर. घाटाच्या रेस गंभीरपणे करायला लागलात आणि दुसऱ्या फ्रेमची सोय असली की कार्बन, आणि जुनी अ‍ॅल्युमिनियम पावसाला आणि ट्रेनरला. स्टील मी रेसला सुचवत नाही, पण रोजच्या सरावाला दुसरी सायकल म्हणून तिच्यासारखी शहाणी कुणी नाही.

वॉरंटीचा कागद दुकानातच वाचा. 'आजीवन' लिहिलेली वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरती असते आणि पडून तुटलेलं त्यात धरत नाहीत. रेसिंगचा वापर वगळलाय का, वजनाची मर्यादा किती, ट्रेनर चालतो का, हे शोधा. पडल्यावर नवी फ्रेम सवलतीत द्यायची योजना असते बऱ्याच कंपन्यांची, ती भारतात तुमच्या डीलरकडे लागू आहे का ते लेखी विचारून घ्या.

पायरी ६: जोडताना

टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना घ्या. खरंच घ्या, जर्सी नंतर घ्या. स्टेम (हँडल धरणारा पार्ट) आणि सीटपोस्टचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, नेमका आकडा त्या पार्टवरच छापलेला असतो, तोच धरायचा. माझ्या कार्बन फ्रेमचा सीट क्लॅम्प, म्हणजे सीटपोस्ट आवळायची पट्टी, एका दुकानात लांब पान्याने आवळून दिला होता, वरच्या कडेला बारीक तडा गेला आणि मला तो तीन महिन्यांनी दिसला. कार्बनला ग्रीस नको, दाणेदार पेस्ट लावा, म्हणजे कमी आवळूनही पोस्ट सरकत नाही. स्टीलला ग्रीस, टायटॅनियमला अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारी पेस्ट. पोस्टवरची किमान खोलीची खूण कधीही बाहेर दिसता कामा नये. स्टँडला लावताना सीटपोस्टला धरा, टॉप ट्यूबला नाही, आणि टॉप ट्यूबवर बसून फोटो काढायची सवय सोडा. चेन आतल्या बाजूला पडून कार्बन कुरतडू नये म्हणून चेन कॅचर लावून घ्या, काही शे रुपयांचं काम आहे.

पायरी ७: पडल्यावर आणि पावसानंतर

पडल्यावर उठून लगेच निघायचा मोह होतो, अंगात जोश असतो. पण तीस सेकंद द्या. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवा, हँडलचं टोक टॉप ट्यूबला लागलंय का बघा, मागचं चाक मधोमध फिरतंय का बघा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, फोर्कमधून टक आवाज आला तर तिथेच उतरा, रेस सोडा. घरी आल्यावर फोर्क काढून वरची नळी स्टेमच्या खाली नीट बघा, शंका असली तर फोर्क बदला, त्याला दुरुस्ती नाही.

पावसातून आल्यावर सायकल पाच मिनिटं मागच्या चाकावर उभी करा, सीटपोस्ट काढून उलटी धरा, आत गेलेलं पाणी बाहेर येऊ द्या. पहिल्यांदा कराल तेव्हा किती निघतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल. ट्रेनरवर बसताना टॉप ट्यूबवर आणि हेडसेटवर टॉवेल टाका, झाल्यावर ओल्या फडक्याने घाम पुसा, घामातलं मीठ अ‍ॅल्युमिनियमच्या रंगाखाली शिरतं.

आणि महिन्यातून एकदा, धुतल्यावर, मोबाईलने ठरलेल्या सहा जागांचे जवळून फोटो काढा: दोन्ही चेन स्टे बीबीपाशी, डाउन ट्यूबची खालची बाजू, हेड ट्यूबचे दोन जोड, सीट क्लॅम्प. मागच्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवून बघा. ती काळी रेघ मला सहाव्या वर्षी दिसली, पण नंतर जुने फोटो चाळले तर चार महिन्यांपूर्वीच्या एका फोटोत, सायकल भिंतीला टेकवलेली, ती तिथे होतीच.